ई की ओ

पहिल्या दिवशी हापालाबाईंनी
पिवळा कागद वाटला, दोन्ही बाजूंनी छापलेला,
आणि वाचून काही दाखवला नाही.
"वाचता येतं ना? मग वाचा.
नऊला दार लागतं. नऊ वाजून एक मिनिटाने
तुम्ही बातमीदार नसता, बघे असता."

बाहेर दुलूथ, उणे एकवीस.
सरोवर काठाकाठाने गोठत आलेलं.
लोहखनिजाची मोसमातली शेवटची बोट
पुलाखालून भोंगा देत गेली,
आणि खिडकीकडे धावलेल्या ओडेलला बाई म्हणाल्या,
"बस खाली. ती सगळ्यांनी काढलीय."

कागदावर होतं:
बॅटरी संपली ही सबब नाही.
कुणाला 'पुन्हा एकदा रडा' म्हणायचं नाही.
'पुन्हा एकदा हसा' हेही नाही.
चौकटीत आलं ते आलं,
आपण आत काही ठेवायचं नाही, आतलं काही पुसायचं नाही.
आणि सर्वांत खाली, जाड ठशात:
नावाचं स्पेलिंग चुकलं की शून्य.
या गावात हॅन्सन दोन तऱ्हेचे,
एक ई-वाले, एक ओ-वाले,
आणि दोघांनाही दुसऱ्याचं अक्षर चालत नाही.

मी कागद गिरणीतला, रात्रपाळीचा.
वर्गात सगळ्यांत म्हातारा, चौतीस वर्षांचा.
फेब्रुवारीत एका पहाटे, अंधारातच, सुटून येताना
तेविसाव्या गल्लीत धूर दिसला.
घर जवळजवळ संपलेलं.
पाइपाचं पाणी झाडांवर पडता पडता बर्फ होत होतं.
कडेला उपड्या बादलीवर एक माणूस,
दोन पायांत दोन जातींचे बूट,
मांडीवर टोस्टर, वायर लोंबती.

नऊ वेळा बटण दाबलं.
मग कॅमेरा खाली घेतला, जवळ गेलो, नाव विचारलं.
"आर्लन हॅन्सन."
आणि मी, देवा, त्या आगीसमोर उभा राहून विचारलं,
"ई की ओ?"
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग सावकाश एकेक अक्षर
असं काढून हातावर ठेवलं,
जणू आतून तेवढंच वाचलं होतं.

फोटो चांगला होता. मला माहीत होतं.
फक्त डाव्या कडेतून एक लाल हातमोजा घुसलेला,
कप धरलेला, कुणाचा कोण जाणे.
सगळी चौकट नासवत होता.
दोन मिनिटांचं काम.
पुसला.

सोमवारी बाईंनी तो भिंतीवर टाचला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मला वाटलं, जिंकलो.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या.
"ही बर्फावर सावली कुणाची?"
दंडाची होती. बंबाच्या दिव्यात लांबच लांब पडलेली,
पुढे मनगट, पुढे कप.
नव्हता तो फक्त हात.
बियान्का हसली, मग गप्प झाली.
"स्पेलिंग बरोबर आहे," बाई म्हणाल्या,
आणि त्याखालीच शून्य काढलं,
नीट, गोल, घाई न करता.

शनिवारी पुन्हा त्या गल्लीत गेलो.
जळक्या घराच्या शेजारी, पायरीच्या कठड्यावर
लाल हातमोजे वाळत घातलेले, थंडीने ताठ.
दार एका म्हातारीने उघडलं, लोकरी सपाता घातलेल्या.
म्हटलं, त्या दिवशी कॉफी तुम्ही दिली होती?
"कॉफी कुठली! सूप होतं.
बावीस वर्षांत आर्लन कॉफीला शिवलेला नाही.
का रे, पेपरात येणार आहे?"
"नाही. मला शून्य मिळालं."
"अरेरे," म्हणाली,
आणि दार आणखी थोडं उघडलं.

वही काढली. पेन गोठलेलं,
जरा वेळ दातांत धरून ऊब दिली.
नाव?
"सिग्नी ओल्सन."
आणि मी तोंड उघडायच्या आत,
बोट वर करून,
"दोन्हीकडे ओ. लिही."